ठेव की नाणं?

परवा डोंबिवलीच्या घरात माळा आवरायला घेतला आणि बाबांची जुनी फाइल हाती लागली. आत एका सागवान लागवड कंपनीचं प्रमाणपत्र. जाड कागद, सोनेरी किनार, वीस वर्षांनी दसपट पैसे! कंपनी चार वर्षांतच गायब झाली. (बाबा त्यावर परत कधी बोलले नाहीत. आई मात्र दर दिवाळीला बोलायची.)

नेमका त्याच दिवशी कल्याणहून भाचा आला होता. त्यानेही 2018 साली कुठल्याशा 'कॉइन'मध्ये पैसे घातले होते, दरमहा ठराविक टक्के मिळणार म्हणून. सहा महिन्यांत वेबसाइट बंद. फाइल बघून म्हणाला, "मामा, आजोबांना निदान कागद तरी मिळाला."

मी विचारलं, तक्रार का नाही केलीस?

"ती ठेव थोडीच होती? नाणं होतं."

या 'ठेव' शब्दावर आपल्याकडे बरीच लढाई झाली आहे. नव्वदच्या दशकात फायनान्स कंपन्या बुडाल्या, तेव्हा फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हायचा, पण मालकाची मालमत्ता विकून लोकांचे पैसे द्यायची धड सोय नव्हती. तमिळनाडूने 1997 मध्ये त्यासाठी कायदा केला, महाराष्ट्राने 1999 मध्ये. तोच आपला एमपीआयडी. 2005 मध्ये मुंबई हायकोर्टाने तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द ठरवला. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा कायदा उचलून धरला आणि पाठोपाठ आपलाही वाचला.

यात 'ठेव' म्हणजे फक्त एफडी नव्हे. पैसे किंवा मौल्यवान वस्तू घेऊन ती रोखीत, वस्तुरूपात वा सेवेच्या रूपात परत द्यायचं कबूल केलं, की झाली ठेव. 2019 च्या दिवाळीत गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली तेव्हा डोंबिवलीत रांगा लागल्या. दरमहा पैसे भरून वर्षाने दागिना घ्यायचा, अशी ती योजना. तिथेही हाच कायदा लावला गेला. 2022 मध्ये एनएसईएलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही ठेवीचा अर्थ असाच व्यापक घेतला. मग दरमहा टक्के कबूल करणारा कॉइनवाला सुटतो कसा? ठाणे पोलिसांनी तर 2018 मध्येच 'मनी ट्रेड कॉइन'वाल्यांवर कारवाई केली होती.

पण हा कायदा येतो चोर पळाल्यावर. फ्लॅटला सील ठोकता येतं. पासवर्ड चोराच्या डोक्यात असेल तर काय जप्त करणार? न्यूयॉर्क राज्याने 2015 मध्येच नियम केला, की आधी परवाना घ्या, ग्राहकांची नाणी जपा, मग दुकान उघडा. आपल्याकडे 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, 2022 मध्ये 30 टक्के कर आला आणि 2023 मध्ये एक्स्चेंजना मनी लाँडरिंगचा कायदा लागू झाला. कर घेताना सरकारला नाणं ओळखू आलं, ग्राहकाची राखण करताना मात्र अजून येत नाही, याचा मला खरंच राग येतो.

असो. भाच्याला बँकेची स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज छापून आणायला सांगितलंय. शनिवारी आर्थिक गुन्हे शाखेत जाऊ. कागद ठेवायला बाबांचीच फाइल दिली, सागवानाचा कागद तेवढा काढून घेतला.