किरायदाराची तक्रार: खरी की बहाणा?

आपल्या सोसायटीतली काही घरं आता किरायानं दिलेली आहेत. किरायदार सांगतो, "स्लॅबला भेग पडली, बटणाला हात लावला की करंट लागतो." घरमालकाच्या मनात पहिला विचार येतो, किराया थकवायचा बहाणा असंल!

धाब्याच्या घरांच्या काळी हा प्रश्न सोपा होता. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकली नाही की घर गळायचं, आणि ते सगळ्यांना दिसायचं. सिमेंटच्या घरात लोखंड आतून गंजतं, वरून रंग मात्र चकचकीत. म्हणून तक्रारीवर भरवसा बसत नाही.

आपला जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना 1949 साली घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. किरायदाराला घर सोडायची नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. "मोठी दुरुस्ती करायची, घर खाली पाहिजे," एवढं म्हणून भागत नसे, ते पटवून द्यावं लागे. म्हणजे मालकाच्या शब्दाचीही शहानिशा होई.

31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला आणि तो आदेश गेला. घर राहण्याजोगं ठेवणं या कायद्यानं मालकावर बंधनकारक केलं. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकानं वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर किरायदार ती करून खर्च किरायातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांपुरता आहे, पण नोटीस, मुदत आणि मर्यादा ही रीत आपणही घ्यावी अशी आहे.

दुर्लक्षाची किंमत मुंबईनं पाहिली. 27 सप्टेंबर 2013 रोजी माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. मालक खुद्द महापालिका, राहणारे तिचेच कर्मचारी. 61 जीव गेले. इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, जेमतेम तीस-पस्तीसची.

आपण पंचविशीत आहोत. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला पाहिजे. तोवर तक्रार आली की ती लेखी घ्या, तारीख टाका, फोटो काढा, आणि स्वतः जाऊन पाहा. करंटची गोष्ट असंल तर मेन स्विच बंद करून त्याच दिवशी वायरमन बोलवा. छताची भेग किंवा बाहेरच्या नळाची गळती असंल तर सोसायटीला कळवा, कारण ती दुरुस्ती सोसायटीच्या वाट्याची. इंजिनिअर काय म्हणाला, ते किरायदारालाही लेखी द्या.

तक्रार खोटी निघाली तर एक चक्कर वाया जाईल. खरी निघाली तर कोणाचं तरी लेकरू वाचंल.