उच्च शक्तीसाठी पॉवर फॅक्टर नियंत्रकाची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणक व दूरचित्रवाणी संच यांचा वापर झपाट्याने वाढला. त्यांच्या वीजपुरवठा मंडलातील रेक्टिफायर आणि कपॅसिटर ही जोडी विद्युतदाबाच्या शिखराजवळच प्रवाह खेचते. अशा प्रवाहातील तिसरे हार्मोनिक तिन्ही फेजांतून न्यूट्रल तारेत येते तेव्हा ते परस्परांना नाहीसे करीत नाही, त्याची बेरीज होते. त्यामुळे संगणकांनी भरलेल्या इमारतींत न्यूट्रल तारा तापण्याचा धोका निर्माण झाला. उत्पादकाची काटकसर ग्राहकाच्या वायरिंगला भोवत होती, असेच म्हणावे लागते. युरोपात १ जानेवारी २००१ पासून ईएन ६१०००-३-२ हे मानक बंधनकारक झाले व ७५ वॅटपेक्षा अधिक शक्तीच्या अशा उपकरणांच्या हार्मोनिक प्रवाहावर मर्यादा आली.

लहान उपकरणांसाठी मोटोरोलाच्या एमसी ३४२६२ सारखे नियंत्रक सोयीचे ठरले. त्यांत इंडक्टरमधील प्रवाह शून्यावर आल्यावरच ट्रान्झिस्टर पुन्हा सुरू होतो. साहजिकच डायोड शांतपणे बंद होतो. मात्र या पद्धतीत इंडक्टरचा शिखरप्रवाह सरासरीच्या दुप्पट असतो. ९० व्होल्ट पुरवठ्यावर १००० वॅटसाठी, ऊर्जाहानी वगळली तरी, वीजवाहिनीतील शिखरप्रवाह सुमारे १६ अँपिअर, तर ट्रान्झिस्टरमधील सुमारे ३१ अँपिअर होतो. १०० वॅटला नगण्य वाटणारा हा दोष येथे निर्णायक ठरतो.

म्हणूनच मोठ्या शक्तीसाठी अभियंते युनिट्रोडच्या यूसी ३८५४ कडे वळले. हा नियंत्रक सरासरी प्रवाहावर लक्ष ठेवतो व इंडक्टरमधील प्रवाह अखंड राखतो. त्याची जुळवणी किचकट होती. प्रवाहाचे व दाबाचे अशी दोन नियंत्रण-वर्तुळे स्वतंत्रपणे स्थिर करावी लागत. त्याहून मोठी अडचण डायोडची होती. प्रवाह चालू असतानाच सिलिकॉन डायोड बंद करावा लागे आणि त्या क्षणी उलट वाहणारा प्रवाह ट्रान्झिस्टरला तापवी. नियंत्रकाच्या निवडीची चर्चा करताना या घटकाकडे सहसा दुर्लक्ष होते. २००१ मध्ये इन्फिनिऑनने सिलिकॉन कार्बाइडचे शॉट्की डायोड बाजारात आणले व ही अडचण बरीचशी दूर झाली. किंमत मात्र चढी होती.

दरम्यान जुनी पद्धतही मागे हटली नाही. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या यूसीसी २८०६० ने तशी दोन मंडले अर्ध्या आवर्तनाच्या अंतराने चालविली. त्यामुळे प्रत्येक ट्रान्झिस्टरवरील भार निम्मा झाला, दोन्ही प्रवाहांतील चढउतार एकमेकांना बऱ्याच अंशी झाकू लागले आणि महागड्या डायोडची गरजही उरली नाही.