मुरारच्या छावणीचे गाऱ्हाणे

थाटीपुर ही आमच्या ग्वाल्हेरातली नोकरदारांची वस्ती. मुरारच्या बाजूला, सरकारी क्वार्टरांची. संध्याकाळी फाटकाशी चार माणसे जमली की विषय ठरलेले: बढती, बदली, भत्ता आणि साहेबाचा स्वभाव. गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी विलायतेहून आला होता. तो सांगत होता, की तिकडच्या मालकांनाही हल्ली हीच चिंता आहे. माणसे टिकत नाहीत, घरून काम मागतात, वरिष्ठ कसे वागले याची लेखी तक्रार करतात. "सर, तक्रार कशी ऐकायची याचे आम्हांला शिक्षण देतात," तो म्हणाला.

मला राहून राहून मुरारची आठवण झाली. इंग्रज मालक आणि हिंदी नोकर यांचा एक मोठा हिशेब तेथे चुकता झाला आहे.

29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनिहार या दोन्ही लढायांत शिंद्यांचा पराभव झाला. जानेवारी 1844 च्या तहाने 'ग्वाल्हेर कंटिंजंट' ही फौज वाढवण्यात आली. तिच्या खर्चासाठी दरबारला अठरा लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला. पैसा शिंद्यांचा, अधिकारी मात्र इंग्रज. शिपाई बहुतेक अवधकडचे पुरबिये. म्हणजे पगार एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा. अशा नोकरीत गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे?

गाऱ्हाणी तर होतीच, आणि ती कंपनीच्या साऱ्या बंगाल फौजेची होती. पायदळाच्या शिपायाला महिना सात रुपये. बढती वयाच्या क्रमाने, म्हणून सुभेदार होईतो केस पांढरे व्हायचे. आणि एवढे होऊनही कालपरवा विलायतेहून आलेला पोरसवदा गोरा अधिकारी त्याच्या वरचाच. पंजाब 1849 साली खालसा झाला, तेव्हा तो आता परमुलूख नाही म्हणून तेथला जादा भत्ता बंद झाला. शिपायांनी कुरकुर केली. सर चार्ल्स नेपियरने 1850 साली 66 वी पलटण मोडून तिच्या जागी गुरखे आणले. 1856 च्या कायद्याने नव्या भरतीवाल्यांना समुद्रापारही जाण्याचे बंधन आले. जुन्या काळी साहेब लोक शिपायांच्या बोलीत बोलत, त्यांच्या कुस्त्या बघत. पुढच्या पिढीत हा घरोबा आटला, असे इतिहासकार सांगतात.

मग काडतुसांचे प्रकरण आले. त्यांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी जानेवारी 1857 मध्ये डमडमहून पसरली. सरकारने लगेच शिपायांना स्वतःचे वंगण वापरण्याची मुभा दिली होती, हे आपण विसरतो. मीरतेस 24 एप्रिलला घोडदळाच्या नव्वद स्वारांपुढे ठेवलेली काडतुसे तर जुनीच, बिनचरबीची होती. तरी पंच्याऐंशी जणांनी ती घेतली नाहीत. दुरुस्ती झाली होती, पण विश्वास आधीच गेला होता. 9 मे रोजी साऱ्या फौजेसमोर त्या पंच्याऐंशी जणांच्या पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी मीरत पेटली.

मुरारची छावणी 14 जून 1857 च्या रविवारी रात्री उठली. काही इंग्रज अधिकारी मारले गेले. अनेक बायकामुले आग्र्याकडे निसटली. जयाजीराव शिंदे आणि दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी ही फौज काही महिने ग्वाल्हेरातच थोपवून धरली. शेवटी तात्या टोप्यांनी ती नेली, आणि नोव्हेंबरात कानपुरास तिने जनरल विंडहॅमला मागे रेटले. इंग्रजांनी कवाईत शिकवलेलीच ही फौज! जून 1858 मध्ये सर ह्यू रोजने मुरार घेतले. मुरार व किल्ला शिंद्यांना परत मिळाला तो 1886 साली.

मालकाने यातून धडा घेतला तो बंदोबस्ताचा. बंगाल फौजेत दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा असावा आणि तोफा गोऱ्यांच्याच हाती राहाव्यात, असे ठरले. बढतीचे गाऱ्हाणे मात्र तसेच राहिले. सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा मिळाल्या, त्या 1918 साली.

त्यांच्या स्वतःच्या देशातही हा धडा सावकाश उतरला. वर्णभेदाविरुद्धचा तिकडचा पहिला कायदा 1965 चा. त्यात नोकऱ्या नव्हत्याच, त्या 1968 साली आल्या. अन्यायाने काढून टाकलेल्या कामगाराला दाद मागण्याचा हक्क 1971 च्या कायद्याने मिळाला. 1976 साली लंडनच्या ग्रनविक फोटो कारखान्यात सक्तीच्या जादा कामावरून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. त्यांचा संप दोन वर्षे चालला आणि हरला, पण साडी नेसलेल्या त्या बाईमागे हजारो गोरे कामगार उभे राहिले. एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवशीच सोयीच्या वेळा मागता येतात. ऑक्टोबर 2024 पासून कामाच्या जागी लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावले उचलणे मालकाचे कर्तव्य ठरले आहे. तक्रार होईपर्यंत वाट पाहायची नाही, हे आता कायद्यात आले.

साहेबाला बोल लावणे सोपे आहे. पण काही वर्षांपूर्वी शाळेत एका बाईंना रोज उशीर होतो म्हणून मी साऱ्या स्टाफसमोर त्यांना फैलावर घेतले. त्या काही बोलल्या नाहीत. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, हे मला दोन महिन्यांनी शाळेच्या शिपायाकडून कळले. तोवर त्यांनी बदलीचा अर्ज दिला होता. त्या आठवड्यात मी नववीला 1857 शिकवत होतो. मीरतेच्या कवाइतीपाशी आलो आणि पुढे शिकवणे जड गेले.

वाचकहो, तुम्ही घरी मराठी आणि कचेरीत कानडी वा तेलुगू बोलता. आम्ही ग्वाल्हेरकर घरी मराठी आणि बाहेर हिंदी. दोन भाषांत वावरणाऱ्यांना ठाऊक असते, की दुसऱ्याची भाषा येणे हे अर्धेच काम. त्या भाषेत कोणी गाऱ्हाणे सांगू लागला, की खुर्ची पुढे ओढून बसायचे, हे उरलेले अर्धे. आता उशीर झालेल्या शिक्षकाला मी आधी माझ्या खोलीत बोलावतो, आणि दार लावून घेतो.