बिल थकले, मुलूख गेला : वऱ्हाडची दोअमली आणि ‘ईव्ह ऑनलाइन’

(थ्रेड)

१/ २७ जानेवारी २०१४. ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातील ‘बी-आर५आरबी’ नावाच्या तारामंडळाचे एक बिल भरायचे राहून गेले. बिल होते त्या मंडळावरील सार्वभौमत्वाचे. ते थकताच मालकी सुटली आणि शत्रूचे आरमार आत शिरले. पुढे सुमारे २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांच्या आसपास खेळाडू तीत उतरले आणि ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली.

२/ २१ मे १८५३. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चाची बाकी निजामाच्या नावावर साचली होती. तिच्या फेडीसाठी आणि फौजेच्या पुढील खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीने तहावर सही घेतली आणि वऱ्हाडचा कारभार स्वतःकडे घेतला. आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे जिल्हे असे एका हिशेबाच्या वहीतून इंग्रजांच्या हाती गेले.

३/ एक प्रसंग खेळातला, दुसरा लाखो माणसांच्या आयुष्यातला. दोन्हींचे मोल सारखे नाही. तरी दोन्हींमागचा प्रश्न एकच आहे: एखादा मुलूख ‘अमक्याचा’ आहे, याचा नेमका अर्थ काय? नकाशावर ज्याचे नाव आहे त्याचा, वसूल घेणाऱ्याचा, की नियम ठरवणाऱ्याचा? वऱ्हाडच्या इतिहासात ही तीन उत्तरे दीर्घकाळ वेगवेगळी राहिली.

४/ आधी खेळाची ओळख. ‘ईव्ह ऑनलाइन’ मे २००३ मध्ये आइसलंडच्या ‘सीसीपी’ कंपनीने सुरू केला. त्याच्या विश्वाचे नाव ‘न्यू ईडन’. त्यात हजारो तारामंडळे आहेत आणि चीनसाठीचा स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. मध्यभागी कंपनीने कायदा व पोलीस ठेवले आहेत. सीमेवरील विशाल प्रदेशात मात्र दोन्ही नाहीत. या प्रदेशाला खेळाडू ‘नलसेक’ म्हणतात.

५/ नलसेकमधील राज्ये कंपनीने लिहिलेल्या कथेतून आलेली नाहीत. खेळाडूंनी ‘कॉर्पोरेशन’ स्थापल्या, त्यांच्या ‘अलायन्स’ बांधल्या, वकील नेमले, हेर पेरले, तह केले आणि मोडले. कंपनीने दिले ते एवढेच: दुर्मीळ खनिजे, तुटणारी जहाजे आणि मुलूख आपल्या नावावर लावण्याची सोय. राजकारण त्यातून उगवले. खेळाडू आपापल्या अंमलाचे रंगीत नकाशेही काढू लागले.

६/ त्या नकाशांत एक गोष्ट दिसत नाही. ज्या रंगाखाली एखादे मंडळ असते, त्या रंगाचे लोक तेथे राहत असतीलच असे नाही. बलाढ्य अलायन्स जिंकलेला मुलूख लहान गटांना भाड्याने देत. भाडेकरू खनिज खणत, दरमहा पैसे भरत आणि बदल्यात संरक्षणाचे आश्वासन घेत. नाव एकाचे, वस्ती दुसऱ्याची. ही व्यवस्था समजून घेण्यास वऱ्हाडच्या वाचकाला दूर जावे लागत नाही.

७/ १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. वऱ्हाड हा त्या सहांपैकी एक सुभा. सनदेने मुलूख मराठ्यांचा झाला नाही. मुलखाच्या वसुलात त्यांचा वाटा मान्य झाला. वऱ्हाडातील हा वाटा पुढे नागपूरकर भोसल्यांकडे स्थिरावला.

८/ १ ऑक्टोबर १७२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. त्या विजयावर हैदराबादचे राज्य उभे राहिले आणि वऱ्हाडचा सुभा निजामाच्या नावे झाला. परंतु भोसल्यांचे अंमलदार हटले नाहीत. एकाच परगण्यात निजामाचा अंमलदार आणि भोसल्यांचा अंमलदार असे दोघेही आपापला हिस्सा वसूल करीत. लोकांनी या व्यवस्थेला नेमके नाव दिले: दोअमली.

९/ दोअमली म्हणजे निव्वळ अनागोंदी नव्हे. दोन्ही सरकारांना रयत जिवंत आणि जमीन पिकती हवी होती, म्हणून वर युद्ध चालू असतानाही खाली वाटपाचा व्यवहार चालू राही. नलसेकमध्येही हेच दिसते. वर्षानुवर्षे वैर असलेल्या अलायन्सनी भाड्याच्या मुलखांना परस्परांनी हात लावू नये, असे करार २०१३ च्या सुमारास केले. लढाई प्रतिष्ठेची, पण उत्पन्न दोघांच्या सोयीचे.

१०/ दोअमलीचा शेवट १८०३ मध्ये झाला. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनी सोडला. इंग्रजांनी तो निजामाला दिला. जिंकले इंग्रजांनी आणि नकाशावर नाव लागले निजामाचे. त्या नावाची खरी किंमत ५० वर्षांनी कळली.

११/ नाव आणि सत्ता यांचे नाते खेळात सर्वांत नाट्यमयपणे दिसले ते २००९ मध्ये. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही तेव्हाची सर्वांत दबदब्याची अलायन्स. तिच्याशी ‘गूनस्वॉर्म’चे दीर्घ युद्ध चालू होते. गूनस्वॉर्ममधील बरेच जण प्रारंभी नवशिके, स्वस्त जहाजांचे थवे घेऊन लढणारे. रणांगणात निकाल लागेना. मग फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्सचा एक संचालकच फितूर झाला आणि त्याने आपल्या अधिकारात सगळी अलायन्स विसर्जित केली.

१२/ जहाजे तशीच होती, माणसे तीच होती. परंतु मुलखावरील हक्क अलायन्सच्या नावाशी जोडलेला होता. नाव मिटले आणि त्याबरोबर संरक्षणाची यंत्रणाही कोसळली. पुन्हा तेच नाव घ्यावे तर गूनस्वॉर्मच्या लोकांनी ते आधीच नोंदवून टाकलेले. जुन्या सरदारांना दुसरे नाव घेऊन उभे राहावे लागले आणि त्यांचे ‘डेल्व्ह’चे राज्य थोड्याच काळात गेले.

१३/ वऱ्हाडात याच्या उलट घडले: मुलूख गेला आणि नाव उरले. १८५३ च्या तहातही सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच होते. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने दरसाल २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. ज्या मुलखाचा हा राजपुत्र, तेथील एका तलाठ्याची बदली करण्याचाही अधिकार त्याला नव्हता.

१४/ भाडेकरू मालकाहून बलवान असला की भाडेपट्टा हा मालकी काढून घेण्याचा सभ्य मार्ग ठरतो. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ पासून वऱ्हाड परत मागितले. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर दिले: ब्रिटिश सत्तेची सर्वोच्चता कोणत्याही तहावर अवलंबून नाही, ती तहांच्याही वर आहे. म्हणजे पट नियम ठरवणाऱ्याच्या मालकीचा होता; खेळणाऱ्याने तहाची कलमे दाखवून उपयोग नव्हता.

१५/ न्यू ईडनमध्येही असा सर्वोच्च सत्ताधीश आहे: खुद्द सीसीपी. २००७ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपल्याच पात्राच्या अलायन्सला मौल्यवान आराखडे गैरमार्गाने दिल्याचे उघड झाले. ती अलायन्स बँड ऑफ ब्रदर्सच होती. खेळाडू खवळले. त्यानंतर अंतर्गत तपासणीची यंत्रणा आली आणि २००८ मध्ये ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ हे खेळाडूंनी मतदानाने निवडलेले मंडळ स्थापन झाले.

१६/ हे मंडळ कायदे करीत नाही, सल्ला देते. अंतिम शब्द कंपनीचाच. तरीही फरक आहे. खेळाडू निघून गेले तर कंपनीचे विश्व ओस पडते, म्हणून तिला ऐकावे लागते. रीडिंगला हे भय नव्हते. सार्वभौम सत्तेला मर्यादा घालते ती प्रजेची निघून जाण्याची ताकद.

१७/ निघून न जाता उलटण्याचेही उदाहरण आहे. दक्षिण कोरियातील ‘लिनिएज २’ या खेळात ‘बार्ट्झ’ सर्व्हरवर एका बलाढ्य गटाने शिकारीच्या जागा अडवल्या आणि कर वाढवला. २००४ मध्ये सामान्य खेळाडू त्याविरुद्ध उठले. चिलखत घेण्याची ऐपत नसलेल्या नवख्यांच्या जमावाला ‘अंतर्वस्त्र दल’ हे टोपणनाव पडले. संख्येच्या बळावर त्यांनी किल्ले घेतले. पुढे विजेते लुटीच्या वाटपावरून भांडले आणि जुने सत्ताधीश परतले.

१८/ साम्य येथे संपते आणि ते संपते हे सांगणे आवश्यक आहे. न्यू ईडनच्या भाडेकरूला जाच असह्य झाला तर तो संगणक बंद करू शकतो. दोअमलीतील कुणब्याला ती सोय नव्हती. दोन सरकारांचा वसूल, वर पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ. त्याच्यापुढे गाव सोडून परागंदा होणे एवढाच मार्ग होता आणि वाटेत मरणही होते. खेळातील ७५ जहाजे पुन्हा बांधता आली.

१९/ तरी खेळातील नाती खोटी ठरत नाहीत. गूनस्वॉर्मचा ‘व्हाइल रॅट’ हा निष्णात वकील म्हणजे प्रत्यक्षात अमेरिकी परराष्ट्र खात्याचे कर्मचारी शॉन स्मिथ. ११ सप्टेंबर २०१२ च्या बेनगाझी येथील हल्ल्यात ते मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ शत्रू-मित्र सर्व बाजूंच्या खेळाडूंनी अंतराळस्थानकांना त्यांचे नाव दिले. तह मोडणाऱ्या माणसांनी हा एक संकेत मोडला नाही.

२०/ आता साधनांचा प्रश्न. या खेळाच्या युद्धांवर ‘एम्पायर्स ऑफ ईव्ह’ हा अँड्र्यू ग्रोएन यांचा इतिहासग्रंथ आहे. बी-आर५आरबीमध्ये कंपनीने जहाजांच्या अवशेषांचे स्मारक ठेवले आहे. परंतु बाकीचे पुरावे खेळाडूंची भाषणे, फुटलेली पत्रे आणि प्रचारपत्रके या स्वरूपाचे आहेत. प्रत्येक बाजूची आपली बखर आहे आणि प्रत्येक बखरीत आपला पराभव दगाबाजीमुळेच झालेला आहे.

२१/ बखर वाचण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही: तपशील घ्यावा, अभिनिवेश बाजूला ठेवावा, हिशेबाचा कागद शोधावा. वऱ्हाडबाबत तो कागद म्हणजे वसुलाची वाटणी, कंटिंजंटची बाकी आणि २५ लाखांची बोली. न्यू ईडनबाबत तो म्हणजे सर्व्हरवरील नोंदी. मात्र त्या एका खासगी कंपनीच्या ताब्यात आहेत. सर्व्हर कायमचा बंद झाला तर हे दफ्तर उघडण्याची सक्ती कोणावर नाही.

२२/ दोन्ही दफ्तरांत एक माणूस मात्र क्वचितच सापडतो. भोसले, निजाम, कर्झन यांची नावे आहेत. दोन अंमलदारांना एकाच हंगामात वसूल देणाऱ्या अकोटच्या किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याचे नाही. सेनानींची नावे आहेत. खनिज खणून टायटनचा खर्च भागवणाऱ्या भाडेकरूचे नाही. पुढच्या वेळी रंगीत नकाशा समोर आला, खेळातला असो वा क्रमिक पुस्तकातला, तर रंग कोणाचा हे पाहून झाल्यावर एवढे विचारावे: पैसा कोणी भरला आणि त्याला नकार देता येत होता का?

(समाप्त)