शाहू महाराजांचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) १९१७ मध्ये कायद्याने लागू केलेली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था. पूर्वपीठिका वसतिगृहांची : १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मागोमाग इतर जातिधर्मांसाठीही. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या. मात्र शिकलेले उमेदवार नसतील तर राखीव जागाही कागदावरच राहणार, हे उघड होते.

म्हणूनच शिक्षण सक्तीचे केले गेले; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड असे. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट सर्व शाळांत प्रवेश देण्यात आला. विधवा पुनर्विवाहाचा कायदा व महारवतनाचे उच्चाटन हे याच काळातील निर्णय (पहा : सत्यशोधक समाज, माणगाव परिषद).

शाहू महाराजांचा विदर्भाशी थेट संबंध नागपूरच्या १९२० मधील अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचा. तिचे अध्यक्ष तेच होते. सक्तीच्या शिक्षणाचा विषय पुढे विदर्भातच पुन्हा आला : वर्ध्याच्या ऑक्टोबर १९३७ मधील शिक्षण परिषदेने देशभर सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा ठराव केला, त्यात मातृभाषा व हस्तोद्योग यांवर भर होता (पहा : नई तालीम, सेवाग्राम).