कासवाची गोष्ट

परवा भाचा फोन नाचवत आला. "मामा, आयपी अॅड्रेस म्हणून हे काय लांबलचक दाखवतंय? मध्येमध्ये अक्षरं पण आहेत. व्हायरस तर नाही ना?" मी बघितलं आणि हसलो. म्हटलं, "बस, तुला एका कासवाची गोष्ट सांगतो." तर साहेब "नंतर ऐकतो" म्हणून पसार! असो. आता तुम्ही ऐका.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे असे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या दशकातच कळलं होतं. म्हणून १२८ बिटांच्या पत्त्यांची नवी पद्धत आखली, आयपीव्ही६. तिचे नियम १९९५ मध्ये आले आणि १९९८ मध्ये सुधारून पुन्हा आले. पण नियम म्हणजे घराचा नकाशा. नकाशात कुणाला राहता येत नाही. घर कुणीतरी बांधावं लागतं.

ते बांधणाऱ्यांतला एक जपानी माणूस म्हणजे जुन-इचिरो हागिनो. जन्म १९७० चा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सगळं जग त्याला इतोजुन म्हणायचं, म्हणून मीही एकेरीच लिहितोय. आमची भेट कधी झाली नाही. पण एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची जी ओळख असते, तेवढी ओळख मी धरून चालतो.

एप्रिल १९९८ मध्ये फुजित्सू, हिताची, एनईसी, तोशिबा अशा एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या जपानी कंपन्यांनी आपापली माणसं एकत्र बसवून 'कामे' नावाचा प्रकल्प सुरू केला. जपानीत कामे म्हणजे कासव. इतोजुन त्यातला एक मुख्य माणूस. आयपीव्ही६चा चालता कोड लिहायचा आणि कुणीही वापरावा म्हणून खुला सोडायचा, एवढंच काम. २००० साली तो कोड फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी या तिन्ही प्रणालींत गेला. पुढे अॅपलने मॅकसाठी तोच घेतला.

प्रकल्पाच्या वेबपानावर कासवाचं एक चित्र असे. जुन्या पत्त्यावरून गेलात तर ते गप्प बसलेलं. नव्या पत्त्यावरून गेलात तर हलायला लागायचं! २००३ साली ऑफिसच्या लीज्ड लाइनवर परदेशातल्या एका टनेलवाल्याच्या मदतीने मी रात्रभर खटपट केली. पहाटे चारच्या सुमारास कासव हललं. घरी येऊन बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "कासवासाठी रात्रभर?" काय बोलणार!

इतोजुन नुसता कोड लिहून थांबला नाही. नव्या पद्धतीतल्या खोडीही त्यानेच ठणकावून सांगितल्या. एक उदाहरण देतो. जुना पत्ता नव्या पत्त्याच्या वेषात गुंडाळून पाठवायची एक सोय आहे. सोयीची खरी, पण दारावरच्या रखवालदाराला सांगून ठेवलंय की अमक्या जुन्या पत्त्याच्या माणसाला सोडू नकोस, आणि तोच माणूस नवा अंगरखा घालून आला तर? अशी पाकिटं तारेवर येऊच नयेत, असं त्याने मसुदा लिहून मांडलं. आपण वाढवलेल्या पोराचे दोष चारचौघांत सांगायला वेगळीच हिंमत लागते.

आता माझा कबुलीजबाब. ते कासव हलवल्यावर दोनेक वर्षांत माझा उत्साह ओसरला. नवा सर्व्हर बसवला की कर्नलच्या फाइलमधल्या आयपीव्ही६च्या ओळीपुढे # टाकून ती बंद करायची, ही माझी सवयच झाली. "कोण वापरतंय? उगाच ओझं," असं हाताखालच्या पोरांनाही शिकवलं. म्हणजे त्या माणसाच्या कित्येक वर्षांच्या कामावर मी प्रत्येक सर्व्हरवर एकेक फुली मारत होतो.

मार्च २००६ मध्ये प्रकल्प संपला. २९ ऑक्टोबर २००७ ला इतोजुन गेला. अवघा सदतीस वर्षांचा. मला कळलं तेव्हा ऑफिसात चहा चालला होता. शेजारच्याने विचारलं, "कोण रे?" मला एका वाक्यात सांगता येईना. त्या दिवशी माझ्या एकाही सर्व्हरवर त्याची ती ओळ चालू नव्हती.

जग तेव्हा नव्या पत्त्यांकडे बघतही नव्हतं. पुढचं सगळं त्याच्या मागे झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला. ६ जून २०१२ ला मोठमोठ्या संकेतस्थळांनी आयपीव्ही६ कायमचं चालू केलं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि त्याच्या कोट्यवधी फोनना हे लांब पत्ते मिळाले. आज आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोक गूगलवर पोचतात ते याच पत्त्यांवरून. मीही एकेक करून ते # काढले. काढले आणि चाललं, बाकी काही करावंच लागलं नाही! त्या दिवशी मला खरी लाज वाटली.

गंमत म्हणजे लिनक्ससाठी हेच काम करणारा जपानमध्येच दुसरा प्रकल्प होता, उसागी. उसागी म्हणजे ससा! तो कासवाच्या गटाला धरूनच काम करायचा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं. म्हणजे भाच्याच्या फोनमध्ये सशाची मेहनत आहे आणि त्याच्या ताईच्या आयफोनमध्ये कासवाची. आपल्या गोष्टीतल्यासारखी शर्यत इथे नव्हतीच, दोघं एकाच दिशेला चालले होते.

इतोजुनच्या मित्रांनी त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला, त्याची व्यवस्था इंटरनेट सोसायटीकडे होती. पहिला २००९ मध्ये हिरोशिमात दिला, तोही आयपीव्ही६ प्रत्यक्ष लोकांपर्यंत नेणाऱ्या दोघांना.

आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव आहे. आजी म्हणायची, "आधी त्याला हात लाव, मग देवाकडे जा." आम्ही पोरं त्याला ओलांडून प्रसादाकडे धावायचो.

संध्याकाळी भाचा पुन्हा आला. "मामा, ते व्हायरसचं काय झालं?" म्हटलं, "व्हायरस नाही रे. एका माणसाची आठवण आहे." या वेळी मात्र बसला.