प्लेगची मुंबई आणि चार कलमांचा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाच्या अंगावरची गाठ पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे बंदरावरून, रेल्वेने, पायी, मिळेल त्या वाटेने गावी निघून गेली. गिरण्यांना माणसे मिळेनात. ऑक्टोबरमध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की प्लेगचा संशय असलेल्या घरात अधिकारी शिरतील आणि रोग्याला सक्तीने आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, हलवतील. एवढ्या दाट वस्तीच्या शहराच्या कारभाऱ्याला असा हुकूम काढावासा वाटणे समजण्यासारखे आहे. पण पुढच्या दोन वर्षांत मुंबईत जे घडले त्यावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. साथीच्या काळात माणसाचा हक्क आणि शहराची सुरक्षा यांना एकमेकांच्या विरोधात उभे करणे चूक आहे, कारण हक्क तुडवला गेला की सुरक्षेचे मुख्य साधनच हातातून जाते.

ते साधन म्हणजे बातमी. कोणत्या चाळीत, कोणत्या खोलीत कोण आजारी पडले, हे कळले नाही तर औषध, लस, चुना, कार्बोलिक यांपैकी कशाचाच उपयोग नाही. ही बातमी कोणत्याही खात्याकडे नसते. ती रोग्याच्या आईकडे, शेजाऱ्याकडे, चाळीच्या भय्याकडे असते. आर्थर रोडला नेलेला माणूस परत येत नाही, तिथे रोग्यांना मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषध काढतात, अशी अफवा गिरणगावात पसरली. ऑक्टोबर संपता संपता हजाराच्या आसपास गिरणी कामगारांनी इस्पितळावर हल्ला केला. ही अफवा म्हणजे अडाणीपणा, असे तेव्हाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. इस्पितळात पोचणारे बहुतेक रोगी शेवटच्या अवस्थेतले असत, त्यामुळे तिथे मरणारेच जास्त, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. नातेवाइकांना आत जाऊन खात्री करून घेण्याची सोय असती, तर अफवेला इतके बळ मिळाले नसते. मग लोक रोगी लपवू लागले, रात्रीतून दुसऱ्या वाडीत हलवू लागले, मृत्यूचे कारण भलतेच सांगू लागले. स्नो यांना महिनाअखेरीस माघार घ्यावी लागली. त्यांना मोठी भीती सफाई कामगारांची होती. ते घाबरून शहर सोडून गेले असते तर मुंबई राहण्याजोगीच उरली नसती. ज्यांना शहराने कधी मान दिला नाही, त्यांच्या संमतीवर अवघे शहर उभे होते, हे या माघारीने दाखवून दिले.

सरकारने मात्र यातून उलटाच धडा घेतला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याचा अधिकार, प्रवाशांची तपासणी व विलगीकरण, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्यावर दाव्याला बंदी, एवढाच त्याचा गाभा. ज्याला उचलून नेले, ज्याचे सामान जाळले, त्याने दाद कुठे मागायची याबद्दल एक ओळही नव्हती. मार्चमध्ये जनरल गेटेकर यांची प्लेग समिती नेमली गेली आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही अक्षरे रंगवली गेली, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, रेल्वे स्थानकांवर बायकांच्या काखा आणि जांघा तपासल्या गेल्या. पुण्यात याच धोरणाची परिणती २२ जून १८९७ रोजी तिथले प्लेग अधिकारी रँड यांच्यावरच्या गोळीबारात झाली. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांनी एका आजारी मुलीला तपासणी पथकाच्या ताब्यात देण्यास नकार दिला. दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि पाठोपाठ गोदीपासून गिरण्यांपर्यंत कामे बंद पडली. त्यानंतर कुठे धोरण सैलावले. ज्ञातींनी आपापली इस्पितळे चालवण्यास आधीपासून मिळत असलेल्या परवानगीला महत्त्व आले आणि झडत्या मवाळ झाल्या.

यावर गंभीर आक्षेप आहे. रोगजंतू कुणाची संमती विचारत नाही. एकाने रोगी लपवला तर शेजारची दहा घरे धोक्यात येतात, तेव्हा त्या एकाच्या हक्कापुढे दहांचा हक्क हरायचा का? हरायचा नाही. विलगीकरण कधी अटळ असते, हे मी मान्य करते. पण सक्ती करणाऱ्याला आपण काय अडवतो आहोत हे तरी ठाऊक हवे. १८९६ मध्ये ते कुणालाच नीट ठाऊक नव्हते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि १९०५ नंतर मुंबईतच, परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते पक्के केले. तोवर माणसे उचलली गेली आणि उंदीर चाळीतच राहिले. अर्धवट ज्ञानाच्या काळात सक्ती थोडी, तात्पुरती आणि मागे घेता येण्याजोगी असली पाहिजे, ती याचसाठी.

याच शहरात दुसरी वाटही चालून पाहिली गेली होती. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, हाफकिनना काम करायला आपली जागा दिली आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. या वाटेलाही डाग आहेत. भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली. त्यांनी होकार दिला असे सांगतात, पण तुरुंगातल्या होकाराचे मोल किती हा प्रश्न उरतोच. मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. दोष प्रयोगशाळेवर टाकून हाफकिनना निलंबित केले गेले. बाटली गावात उघडताना चूक झाली होती, हे पुराव्यांत होते, तरी त्यांची बाजू मान्य व्हायला १९०७ उजाडले. सरकारला प्रामाणिक चौकशीपेक्षा बळीचा बकरा सोयीचा वाटला आणि लसीवरचा विश्वास त्यातच खर्ची पडला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले, ही उशिरा झालेली भरपाई.

साथीच्या नावाखाली घरे पाडण्याचे कामही झाले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती आखल्या. हवा-उजेडाचा हेतू चांगला होता. पण पाडलेल्या खोल्यांतला भाडेकरू नव्या वसाहतीचे भाडे देऊ शकत नव्हता, तो शेजारच्या तितक्याच कोंदट चाळीत गेला.

तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी लागू केला. घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. शिक्के असूनही काही जण रेल्वेत बसले आणि सहप्रवाशांच्या तक्रारीवरून उतरवले गेले. त्यांचे वागणे बेजबाबदार होते. पण मजुरी बुडाली तर घर कसे चालवायचे, याची हमी शिक्का देत नव्हता. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर आणि आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा ठरली. १८९६ चे आर्थर रोड आठवले तर ही दुरुस्ती योग्यच वाटते. रोग्याच्या बाजूने मात्र अजून काहीच लिहिलेले नाही. विलगीकरणाची मुदत किती, कारण कोण सांगणार, बुडालेल्या रोजीचे काय, अपील कुठे, बाईची तपासणी कोण करणार, ही कलमे त्या कायद्यात पहिल्यापासूनच नाहीत, आणि पुढची साथ प्लेगची असो वा प्रयोगशाळेतून निसटलेल्या जंतूची, ती येण्याआधीच ही कलमे लिहिली गेली पाहिजेत.